गुरुचरित्रातील अवतार आणि ख्रिस्ताचे देहधारण : एक समीक्षा

भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमावर वसलेले गाणगापूर आज कर्नाटकाच्या कलबुर्गी जिल्ह्यात, अफझलपूर तालुक्यात आहे. मुलूख कानडी असला तरी तेथे येणाऱ्या भाविकांचा मोठा वर्ग मराठी भाषिक आहे, आणि ज्या ग्रंथाने हे क्षेत्र घरोघरी पोहोचविले तो सरस्वती गंगाधराचा ‘श्रीगुरुचरित्र’ हा ओवीबद्ध ग्रंथही मराठीच आहे. सात दिवसांत त्याचे पारायण करण्याची प्रथा महाराष्ट्रात व या सीमाभागात सर्वत्र आढळते. श्रीपाद श्रीवल्लभ व नृसिंह सरस्वती या दोन यतींना हा ग्रंथ दत्तात्रेयाचे अवतार मानतो. नृसिंह सरस्वतींचे गाणगापुरातील वास्तव्य हा त्याच्या उत्तरार्धाचा मुख्य विषय होय.

या परिसरात सेवा करणाऱ्या पाळकांपुढे व उपदेशकांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. नाताळात आपण सांगतो की, देव प्रीतीस्तव मनुष्य झाला. श्रोता मान डोलावतो, कारण त्याच्या दृष्टीने त्यात नवे असे काहीच नसते. देव मनुष्यरूपाने येतो, भिक्षा मागतो, रोग्यांना बरे करतो, हे त्याने पारायणात अनेकदा ऐकलेले आहे. आपली सुवार्ता तो नाकारत नाही. आधीच्या यादीत आणखी एका नावाची भर म्हणून तो ती ठेवून घेतो. नकारापेक्षा असा स्वीकार अधिक कठीण असतो.

यावर आपल्याकडे दोन प्रकारची उत्तरे रूढ आहेत. पहिले खंडनाचे : अवतार या दंतकथा आहेत आणि त्यांत प्रीतीचा लवलेश नाही. दुसरे समन्वयाचे : अवतार आणि देहधारण या एकाच सत्याच्या दोन संज्ञा आहेत. ही दोन्ही उत्तरे देणाऱ्यांनी गुरुचरित्र लक्षपूर्वक वाचलेले नसते, असे नाइलाजाने म्हणावे लागते. ग्रंथाचा न्यायबुद्धीने विचार केला, तर साम्य आपण समजतो त्याहून अधिक खोल आहे आणि भेद आपण समजतो त्याहून वेगळ्या ठिकाणी आहे, असे दिसून येते.

प्रथम साम्य पाहू. भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायावरून आपल्याकडे असा युक्तिवाद केला जातो की, अवतार सज्जनांच्या रक्षणासाठी व दुर्जनांच्या नाशासाठी होतात, ख्रिस्त मात्र पाप्यांवरील प्रीतीमुळे आला. म्हणून दोहोंचा हेतूच भिन्न आहे. गुरुचरित्रापुढे हा युक्तिवाद टिकत नाही. या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात अंबरीष राजाची कथा आहे. दुर्वास ऋषी कोपून राजाला गर्भवासाचा शाप देऊ पाहतात. तेव्हा भक्ताच्या रक्षणासाठी विष्णू पुढे येतो आणि तो शाप आपल्याला द्यावा, असे ऋषींना सांगतो. विष्णूच्या अवतारांचे मूळ ग्रंथकार येथे शोधतो. भक्ताचा शाप देवाने स्वतःवर घेतला म्हणून देवाला जन्म घ्यावे लागले, असा या कथेचा इत्यर्थ आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचा तिसरा अध्याय ज्याने अभ्यासला आहे, त्याला ही कथा वाचून थबकावे लागेल. हिंदू अवतारकल्पनेत प्रीती नाही असे म्हणणारा प्रचारक श्रोत्याच्या ज्ञानाचा अपमान करतो आणि सत्याचाही.

तेव्हा देव कशासाठी आला, एवढ्याच प्रश्नावर भेद दाखविता येणार नाही. आल्यावर देहाचे काय झाले, हा प्रश्न विचारला म्हणजे दोन वाटा वेगळ्या होऊ लागतात. त्यासाठी ग्रंथातील तीन प्रसंग विचारात घेऊ.

पहिला प्रसंग दिवाळीचा. सात शिष्य सात गावांहून गाणगापुरास येतात आणि सणाला गुरूंनी आपल्याच घरी यावे असा हट्ट धरतात. कोणाचेही मन मोडू नये म्हणून नृसिंह सरस्वती आठ रूपे धारण करतात. सात रूपांनी ते सात घरी जातात आणि आठव्या रूपाने मठातच राहतात. कथा गोड आहे. भक्ताची निराशा गुरूला सोसवत नाही, हा तिचा भावार्थही आदरणीय आहे. परंतु येथे देह हे एक साधन आहे. ते हवे तेव्हा वाढविता येते आणि हवे तेव्हा आवरता येते. याच्या शेजारी योहानाच्या शुभवर्तमानातील अकरावा अध्याय ठेवावा. लाजर आजारी आहे, बहिणींचा निरोप गेला आहे, आणि प्रभू तेथे नाही. तो पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झालेले असतात. तू येथे असतास तर असे झाले नसते, या आशयाची तक्रार मार्था करते व मागून मरीयाही करते. प्रभूने आपले थांबणे जाणूनबुजून पत्करले होते, असे योहान सांगतो. परंतु बेथानीत नसताना तो खरोखरच तेथे नव्हता, यात शंका नाही. ज्याने एकच देह खऱ्या अर्थाने धारण केला त्याला दोन ठिकाणी असता येत नाही. तो थकतो, विहिरीपाशी बसतो, पाणी मागतो, आणि कबरेपाशी येऊन रडतो. आमच्या श्रद्धेप्रमाणे देवाच्या प्रीतीने ही मर्यादा खरोखर स्वीकारली. इ. स. 451 मध्ये खल्केदोनच्या धर्मपरिषदेने ख्रिस्ताला पूर्ण देव व पूर्ण मनुष्य म्हटले, त्यातील ‘पूर्ण मनुष्य’ या शब्दांचा अर्थ बेथानीच्या त्या चार दिवसांत पाहावा.

दुसरा प्रसंग बिदरच्या राजाचा. कुरवपुरास श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणाऱ्या एका रजकाच्या मनात राजवैभवाची इच्छा उत्पन्न होते. पुढील जन्मी तो बिदरचा यवन राजा होतो. त्याच्या मांडीवर फोड उठतो, वैद्यांचे उपाय चालत नाहीत, आणि तो गाणगापुरास येतो. नृसिंह सरस्वती त्याला रजक म्हणूनच हाक मारतात. त्याला पूर्वजन्म आठवतो आणि व्याधी नाहीशी होते. गुरूने आपल्या सेवकाला दुसऱ्या जन्मी, दुसऱ्या धर्मात आणि राजवस्त्रांतही ओळखले, हा या कथेचा हृद्य भाग आहे. पुढे काय होते ते पाहावे. राजाच्या येण्याने कीर्ती फार पसरली, आता गुप्त व्हावे, असा विचार करून गुरू श्रीशैलाकडे निघतात. तेथे पुष्पांच्या आसनावर बसून ते नदीपात्रातून कर्दळीवनाकडे जातात. गाणगापुरात मागे राहतात त्या निर्गुण पादुका.

प्रभूही लोकसमुदायापासून एकदा दूर निघून गेला होता. भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक आपल्याला बळाने राजा करणार, हे ओळखून तो डोंगरावर एकटा गेला, असे योहानाच्या सहाव्या अध्यायात आहे. पण शेवटी तो यरुशलेमेकडे वळला, आणि तेथे त्याच्यासाठी फुलांचे आसन नव्हते, वधस्तंभ होता. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांना जे दाखविले त्यात खुणा होत्या हातांच्या आणि कुशीच्या. पादुका या गेलेल्याची आठवण आहेत. व्रण हे आलेल्याच्या देहाचा भाग आहेत, आणि तो देह त्याने टाकून दिलेला नाही. देहधारण ही तेहतीस वर्षांची यात्रा नव्हे. देवपुत्र आजही मनुष्य आहे, आणि पित्याजवळ आपल्यासाठी मध्यस्थी करतो तो मनुष्य म्हणूनच. मद्रासचे विचारवंत व्हेंगल चक्करै यांनी ख्रिस्ताला अवतार म्हणताना याच मुद्द्यावर भर दिला होता : इतर अवतार कार्य संपताच मावळतात, हा मात्र चिरंतन आहे.

तिसरा प्रसंग सर्वांत कठीण आहे, कारण तो आपल्यालाही प्रश्न विचारतो. वेदविद्येच्या गर्वाने फुगलेले दोन ब्राह्मण गाणगापुरास येतात. त्यांचा गर्व उतरविण्यासाठी गुरू एका पतिताला बोलावतात. जमिनीवर सात रेघा ओढून त्याला एकेक ओलांडावयास सांगतात. प्रत्येक रेघेसरशी त्याला मागचा एकेक जन्म आठवत जातो, आणि सातवी ओलांडताच तो वेदज्ञ ब्राह्मणाप्रमाणे बोलू लागतो. मात्र ब्राह्मणांत सामील करून घ्यावे ही त्याची विनंती मान्य होत नाही. त्याच्या अंगावरील भस्म धुतले जाते, सर्व विस्मृत होते, आणि तो बायकामुलांसह आपल्या ठिकाणी परत जातो. कृपेने त्याला स्पर्श केला, पण त्याची जागा बदलली नाही. कर्मविपाकाच्या चौकटीत हे सुसंगतच आहे. परंतु देहधारणाच्या प्रकाशात पाहता येथे काहीतरी अपुरे राहिले आहे, हे लपवून चालणार नाही. नाझियानझसच्या ग्रेगरीचा सिद्धांत असा की, ख्रिस्ताने मनुष्यत्वाचे जे अंगीकारले नाही ते बरेही झाले नाही. आपला प्रभू पतिताला रेघेपलीकडे बोलावून परत पाठवीत नाही. तो स्वतः रेघेच्या त्या बाजूस जन्मास येतो, गोठ्यात, आणि त्या बाजूसच मरतो, वेशीबाहेर.

हे लिहिताना लेखणी अडखळते ती आपल्याच मंडळ्यांच्या आठवणीने. बाप्तिस्म्याच्या पाण्याने आपणही अनेकांना रेघ ओलांडू दिली, आणि विवाह, दफनभूमी व मंडळीच्या निवडणुका यांच्या वेळी कित्येकदा त्यांना पुन्हा आपापल्या ठिकाणी पाठविले. जोवर हे चालू आहे तोवर गुरुचरित्रातील त्या कथेवर टीका करण्याचा अधिकार आपल्याला अर्धाच आहे. गाणगापूरच्या भक्ताला आपल्या सिद्धांतापेक्षा आपले आचरण अधिक स्पष्ट दिसते.

आता शब्दाचा प्रश्न. ‘अवतार’ म्हणावे की ‘देहधारण’? मराठी ख्रिस्ती वाङ्मयात या बाबतीत एकवाक्यता कधीच नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते ओवीत आणि पुराणाच्या घाटात. नारायण वामन टिळकांनी संतपरंपरेचा धागा हाती धरला. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. उलट पंडिता रमाबाईंनी आपल्या बायबल भाषांतरात हिंदू धर्मकल्पनांचा रंग चढलेले शब्द कटाक्षाने टाळण्याचा प्रयत्न केला. दोन्ही भूमिकांमागे सुवार्तेविषयीची तळमळ होती. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, संभाषणाच्या आरंभी ‘अवतार’ शब्द वापरण्यास हरकत नसावी, कारण श्रोत्याच्या ओळखीचा तोच आहे. तथापि शिक्षणात व उपासनेत ‘देहधारण’ हाच शब्द असावा. अवतार या शब्दात वरून खाली उतरणे एवढेच आहे. देह खरोखर धारण केला, भोगला, अर्पिला आणि सोडला नाही, हे सांगण्यास तो पुरत नाही.

केवळ शब्द बदलल्याने मात्र काम होणार नाही. नाताळच्या आपल्या पुष्कळ उपदेशांत देवपुत्र मनुष्याचा वेश घेऊन आल्यासारखा भासतो. त्याची भूक, भीती, अज्ञान व मरण यांवरून आपण घाईने पुढे सरकतो. प्राचीन मंडळीने भासवाद म्हणून जो पाखंड नाकारला, तोच तेथे भक्तीच्या रूपाने परत येतो. श्रोत्याला आपली सुवार्ता गुरुचरित्रासारखीच वाटत असेल, तर बहुधा आपण ती तशीच सांगत असतो.

म्हणून या सीमाभागातील उपदेशकांना एवढेच सुचवावेसे वाटते. गुरुचरित्र आदराने वाचा. अंबरीषाची कथा श्रोत्याच्या तोंडून ऐका आणि तीतील प्रीतीचा गौरव करा. मग त्याला बेथानीस न्या. ज्या देवाला चार दिवस उशीर झाला आणि जो तरीही रडला, त्याच्याविषयी बोला. शाप स्वतःवर घेणारा देव गाणगापूरच्या भक्ताला ठाऊक आहे. तो शाप घेऊन खरोखर मेलेला आणि ते व्रण अजून बाळगणारा देव त्याने ऐकलेला नाही, आणि तो सांगणे हेच आपले काम आहे.