पद्मिनीच्या इंजिनातली टकटक

रात्रभर उभी असलेली जुनी प्रीमियर पद्मिनी सकाळी सुरू केली, की कधी कधी बॉनेटखालून एक कोरडी टकटक येते. रेस दिली की तीही धावते, पाय उचलला की मंदावते. भोवती जमलेल्यांपैकी बहुतेकांचं निदान ठरलेलं असतं : ‘टॅपेट वाजतायत.’ कसलेला मिस्त्री मात्र गप्प राहतो. त्याच्या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हा गप्प राहण्याचाच आहे. नाव सुचलेलं असतानाही तो ते लगेच उच्चारत नाही.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं हे इंजिन मूळचं फियाट ११०० चं. चार सिलिंडर, १०८९ सीसी. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. तिथून पुशरॉड वर जातात आणि रॉकर हलवून व्हॉल्व्ह उघडतात. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. ऐकणाऱ्याला ही मोठीच सोय आहे. क्रँकशी बांधलेला आवाज दुगुनीत चालतो आणि कॅमशी बांधलेला ठायीत, म्हणून लय पकडली की अर्धं इंजिन संशयातून सुटतं.

पण इंजिन साधं उभं असतानाही क्रँक मिनिटाला सातआठशे फेरे घेतो. एवढ्या गतीत नुसत्या कानाने ठाय की दुगुन हे ठरवणं अवघड जातं. इथे टायमिंग लाइट कामी येतो. पहिल्या सिलिंडरच्या प्लगवायरला तो लावला, की क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच चमकतो, म्हणजे नेमका कॅमच्या चालीने. प्रत्येक चमकेला एकच टक पडत असेल तर दोष बहुधा कॅम किंवा कॅम ज्यांना हलवतो त्या भागांत. दोन पडत असतील तर क्रँककडे वळायचं. कानाची शंका डोळ्याने फेडून घेण्याची ही युक्ती मला फार देखणी वाटते.

दुसरी परीक्षा वजाबाकीची. एकेका प्लगची ठिणगी क्षणभर बंद करायची. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग ठोकत असेल, तर त्या सिलिंडरवरचा स्फोटाचा भार जाताच ठोका दबतो. आमच्या टकटकीवर काहीच परिणाम होत नाही. थंडीत वाजून गरम झाल्यावर विरणारा पिस्टनचा आवाजही ती नव्हे, कारण इंजिन तापल्यावरही ती तशीच राहते. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट फुटलं तरी हुबेहूब टॅपेटसारखी टकटक येते, पण लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज सहसा मावळतो. म्हणजे तेही नाही.

टॅपेटचं अंतर फीलर गेजने तपासलं, बरोबर निघालं. टकटक तरीही आहेच. अधीर माणूस अशा वेळी हेड खोलायला घेतो. जाणकार लांब स्क्रूड्रायव्हर काढतो, त्याचं टोक इंजिनवर टेकवतो आणि मूठ कानामागच्या हाडाला लावतो. टॅपेट कव्हरवर आवाज येतो, पण दुरून आल्यासारखा. टायमिंग चेनच्या झाकणावर तर आणखी क्षीण. टोक ब्लॉकच्या कुशीतल्या पेट्रोल पंपावर ठेवलं, की टक थेट कवटीत वाजते.

हा पंपही कॅमच हलवतो. त्याच्या दांड्याची पिन झिजली किंवा स्प्रिंग ढिली पडली, की दांडा कॅमवर आपटू लागतो, तोही ठायीच्याच लयीत. म्हणून लाइटची साक्ष खरी असूनही टॅपेटवरचा आळ खोटा. हा दोष वयाचा, घडणीचा नव्हे.

तरी खरा मिस्त्री इथेही निकाल देत नाही. पेट्रोलची नळी नीट बंद करून तो पंप उतरवतो, ब्लॉकचं भोक पत्र्याने झाकतो आणि गाडी सुरू करतो. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतं. तेवढं पुरतं : टकटक नसते. हेडला हातही न लावता आरोप सिद्ध झालेला असतो. याहून नेटका पुरावा मोटारीच्या दुरुस्तीत मला माहीत नाही.

मुंबईत पद्मिनीची टॅक्सी २०२३ मध्ये बंद झाली. या इंजिनावर रोज कान लावणारेही त्याबरोबर कमी होत चालले आहेत. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर एवढं करा : आवाज दाखवायला ती चालवत गॅरेजला नेऊ नका. तापलेल्या इंजिनातून निम्मी साक्ष आधीच निघून गेलेली असते. मिस्त्रींनाच सकाळी घरी बोलवा आणि ते येईपर्यंत किल्ली फिरवू नका.