दासबोधातील ‘मृत्युनिरूपण’ : भयनिवारणाचे भाषिक स्वरूप

(१)

मृत्यूचे भय आणि त्या भयावरचा उतारा हा मराठी संतवाङ्मयाचा नित्याचा विषय होय. ह्या विषयाचे विवेचन आजवर बहुधा तत्त्वज्ञानाच्या अंगाने झाले आहे. आत्मा अविनाशी, देह नाशवंत, हा सिद्धान्त कोणत्या ग्रंथकाराने कोणत्या दृष्टान्ताने मांडला, ह्याची चर्चा विपुल सापडते. परंतु सिद्धान्त पटला म्हणजे भय गेले, असा माणसाचा अनुभव नाही. देह हे जीर्ण वस्त्र आहे, हे ज्याला तोंडपाठ आहे त्याचीही छाती रात्री-अपरात्री धडधडतेच. सिद्धान्त ऐकणे आणि धीर येणे ह्यांच्यामध्ये जे अंतर उरते, ते पुष्कळदा भाषेच्या घडणीने भरून निघते. ही क्रिया कशी घडते, हे एका समासाच्या आधारे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा समास म्हणजे दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील नववा, ‘मृत्युनिरूपण’. वीस दशक, दोनशे समास आणि ७७५१ ओव्या एवढ्या विस्ताराच्या ग्रंथातून एकच समास निवडण्याचे कारण असे की, येथे मृत्यूखेरीज दुसरा विषयच नाही. आणि त्याची रचना इतकी एकसुरी आहे की ती अजाणता झाली असेल असे मानणे कठीण आहे.

समासातील भाषिक योजनेचा पडताळा घेण्यासाठी आम्ही जाफराबाद परिसरातील मृत्युविषयक शब्दांचा आधार घेतला आहे. समर्थांचे जन्मस्थान जांब (घनसावंगी तालुका) आणि पूर्णाकाठचे जाफराबाद ही दोन्ही गावे १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यात मोडतात; पहिले दक्षिणेस, दुसरे उत्तरेस. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राज्यात होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजाची स्वतंत्र परिभाषाही येथे रूढ झाली. एकाच पेठेत मृत्यूचे तीन-चार शब्दसंग्रह शेजारी नांदतात, म्हणून हे गाव अशा पडताळ्यास सोयीचे. आजची जाफराबादची बोली ती समर्थांची भाषा, असे मात्र येथे सुचवावयाचे नाही. दोहोंमध्ये साडेतीन शतकांचे अंतर आहे. मृत्यूपुढे मराठी वाक्य कसे वळते, एवढ्यापुरतीच ही तुलना आहे.

(२)

समासाचा आरंभ व्यवहारातल्या प्रतिमांनी होतो. मरणाच्या देवघेवीत उधारी चालत नाही. आयुष्य क्षणाक्षणाने मापाला लागलेले आहे. ठरलेली घटका भरली की काळाचे सेवक हजर होतात. गावकीच्या हिशेबाची, वसुलीची ही भाषा श्रोत्याला परकी नाही. जन्मभर ज्या व्यवहारात तो वावरला त्याच व्यवहारातला एक कारभारी म्हणून मृत्यू त्याच्यासमोर येतो.

ह्यानंतर समासाचा मुख्य भाग लागतो. त्याची वाक्यरचना अशी आहे : कर्ता मृत्यू, क्रियापद ‘म्हणणे’, ते नकारार्थी, आणि कर्माच्या जागी ‘हा अमुक आहे’ असे एक छोटे गौण वाक्य. हा शूर आहे, हा धनवान आहे, हा राजा आहे, हा देसाई आहे, हा व्यापारी आहे, हा पंडित आहे, हा वैद्य आहे, हा कवी आहे, हा संन्यासी आहे, असे मृत्यू म्हणत नाही. ओवीमागून ओवी हीच रचना येते. पालटते ते केवळ नाम.

तिसऱ्या भागात क्रियापद बदलते. आता मृत्यू कर्ता उरत नाही. माणसे कर्ते होतात आणि क्रियापद ‘गेले’ हे येते. वैभवाचे गेले, दीर्घायुषी गेले, थोरवीचे गेले. सारे मृत्यूच्या पंथाने गेले. अखेरच्या ओवीत तिसरे क्रियापद येते, ‘राहिले’. सारे गेले, राहिले ते एकच, जे स्वरूपाकार झाले, ते आत्मज्ञानी.

न म्हणणे, जाणे आणि राहणे अशा तीन क्रियापदांवर सारा समास उभा आहे. नामांची संख्या प्रचंड आणि क्रियापदे तीनच, हे प्रमाण लक्षात ठेवावे.

(३)

मृत्यू ‘मारत नाही’ किंवा ‘सोडत नाही’ असे न म्हणता तो ‘म्हणत नाही’ असे का म्हटले असावे? आमच्या मते समासाचे मर्म ह्या एका निवडीत आहे. ‘हा अमुक आहे’ हे वाक्य म्हणजे माणसाची सामाजिक ओळख होय. ‘हा’ ह्या दर्शक सर्वनामाला जग एक नाम जोडते, आणि जन्मभर माणूस ती जोडणी सांभाळतो. मृत्यूला हे वाक्य उच्चारता येत नाही. त्याच्या व्याकरणात ‘हा’ आहे, पुढचे नाम नाही. तेव्हा मृत्यू माणसापासून प्रथम काय हिरावतो, तर त्याचे विधेय.

नामांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. काटेकोर वर्गवारी नसली तरी यादीचा रोख बळ आणि धन ह्यांकडून विद्येकडे, विद्येकडून मंत्रतंत्राकडे आणि शेवटी योग व वैराग्याकडे जातो. भ्यालेला माणूस ज्या ज्या आडोशाला जाईल, तो तो आडोसा क्रमाने काढून घेतला जातो. हठयोगी, ब्रह्मचारी, संत, महंत ह्यांनाही सूट नाही. संप्रदायप्रवर्तकाने हे लिहावे, ही साधी गोष्ट नव्हे.

येथे एका पाश्चात्त्य उदाहरणाशी तुलना उद्‌बोधक ठरेल. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन कवी लुक्रेशियस ह्याने आपल्या काव्याच्या तिसऱ्या सर्गात मृत्युभयाचे निराकरण करताना अशीच यादी दिली आहे. पण तिच्यात राजा अँकस, सेनापती स्किपिओ, कवी होमर, तत्त्वज्ञ डिमॉक्रिटस आणि ज्याच्या मताचा तो कवी अनुयायी, तो एपिक्युरस, अशी विशेषनामे आहेत. तुझ्याहून थोर माणसे मेली, मग तू कां कुरकुरतोस, असा त्याचा युक्तिवाद आहे. समर्थांच्या यादीचा भर सामान्यनामांवर आहे. विशेषनाम श्रोत्याला प्रेक्षक ठेवते. सामान्यनामात श्रोत्याला स्वतः शिरावे लागते. कोणी व्यापारी असतो, कोणी वेतनधारी, कोणी वैद्य, कोणी विद्वान. ऐकता ऐकता प्रत्येकाची पाळी येते, आणि पाळी येऊन गेली की पुढच्याची येते. ह्या ‘पुढच्याची येते’ मध्येच धीराचा पहिला अंश आहे असे आम्हांस वाटते. मृत्युभयाचा एक मोठा भाग एकटे निवडले जाण्याचे भय असतो. यादी त्या एकटेपणावर आघात करते.

आता एक अडचण. ज्याला सूट नाही अशांच्या यादीत तत्त्ववेत्ताही आहे. मग अखेरच्या ओवीतला आत्मज्ञानी कसा राहिला? सांप्रदायिक उत्तर असे की, शास्त्र जाणणारा वेगळा आणि स्वरूपी लीन झालेला वेगळा. भाषिक दृष्ट्या हाच भेद वाक्यरचनेत दिसतो. यादीतील प्रत्येक जण ‘हा अमुक आहे’ ह्या वाक्यात बसवलेला आहे. राहिलेल्यांचे वर्णन मात्र ‘झाले’ ह्या क्रियापदाने होते. ज्याने आपले विधेय आधीच टाकले, त्याच्यापासून मृत्यूने काय न्यावे? समासाचा तर्क येथे सुसंगत आहे. तथापि ‘आत्मज्ञानी’ हेही अखेर एक नामच आहे, आणि कोणीही ते आपल्या ‘हा’ला जोडून घेऊ शकतो. यादीने जे दार बंद केले ते अखेरच्या शब्दाने किंचित उघडे राहते, हा ह्या रचनेतला खरा दुबळेपणा होय.

(४)

जाफराबादकडे वळू. मृत व्यक्तीच्या नावाआधी लागणारी संक्षिप्त रूपे पाहिली तर समाज मृत्यूनंतरही भेद कसे राखतो ते कळते. एकाच्या नावाआधी ‘कै.’, माळकऱ्याच्या नावाआधी ‘वै.’, मुसलमानाच्या नावाआधी ‘पै.’, बौद्धाच्या नावाआधी पाली ‘कालकत’शी नाते सांगणारे ‘कालकथित’. क्रियापदांतही पायऱ्या आहेत : थोरामोठ्यांचे देहावसान होते, वडीलधारे वारतात किंवा निवर्ततात, तान्हे मूल दगावते, आणि ‘मेला’ हे शिवीतही चालते. मृत्यू जे म्हणत नाही ते भाषा अशी आग्रहाने म्हणत राहते.

परंतु ही झाली छापील आणि औपचारिक बाजू. प्रत्यक्ष बातमी सांगताना जे शब्द तोंडी येतात त्यांची चाल निराळी आहे. सर्वांत सामान्य शब्द ‘गेले’. ‘निवर्तणे’ ह्याचा मूळ अर्थ मागे फिरणे. उर्दूतील ‘इंतकाल’ ह्या अरबी शब्दाच्या मुळाशी एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे हाच अर्थ आहे. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभावांचे क्षेत्र जाफराबादपासून दूर नाही. त्या पंथाच्या ग्रंथांत चक्रधरस्वामींच्या अखेरच्या प्रयाणाला ‘उत्तरापंथे गमन’ म्हटले आहे. सारे शब्द गतीचे. अंत्यविधीला जाणे ह्यासाठी मराठवाड्यात ‘मातीला जाणे’ हा प्रयोग आहे, आणि दहन करणारेही तो सर्रास करतात. अरबी मुळाचा ‘मयत’ हा शब्द तर सर्वांच्याच तोंडी आहे. म्हणजे नामे माणसांना वेगळे करतात, आणि क्रियापदे त्यांना एका वाटेवर आणतात. समर्थांनी समासात जे योजनापूर्वक केले, ते बोली सहजपणे करीत आली आहे.

मराठी मनाला ‘जाणे’ ह्या क्रियापदाचे भय किती आहे, ह्याची साक्ष आपला निरोप देतो. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. दिवा मालवला न म्हणता दिवा वाढवला म्हणतो, बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो. जो शब्द उंबऱ्यावर उच्चारावयास जीभ कचरते, तोच शब्द समासात एकामागून एक ओव्यांच्या आरंभी येतो. भयप्रद शब्द पुनःपुन्हा उच्चारून त्याची धार बोथट करणे हा येथे पाठाचा परिणाम आहे. मनात एकदा वाचून तो होत नाही, मोठ्याने वाचावे लागते. आणि दासबोध हा प्रामुख्याने ऐकण्याचा, पारायणाचा ग्रंथ आहे हे विसरता कामा नये.

समाचारास येणारी माणसे जे बोलतात त्याचेही व्याकरण पाहावे. ‘आपल्या सगळ्यांनाच जायचंय.’ मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’त असतो. सांत्वनाचे वाक्य ‘आपण’शिवाय उभे राहत नाही. मुसलमान घरात मृत्यूची वार्ता कळताच जे अरबी वचन उच्चारतात त्याचाही आशय असा की, आपण सारे ईश्वराचे आणि त्याच्याकडेच परतणार : पुन्हा अनेकवचनी प्रथमपुरुष आणि पुन्हा गतीचे क्रियापद. बौद्ध परंपरेतील किसा गोतमीची कथा हेच कृतीने सांगते. मेलेल्या मुलासाठी औषध मागणाऱ्या आईला बुद्ध मोहरी आणावयास सांगतात, पण जेथे कोणी मेले नाही अशाच घरची. ती दारोदार फिरते, आणि ते फिरणे हीच एक यादी होते. फरक एवढाच की, समर्थांचा श्रोता यादी ऐकतो. गोतमी ती स्वतः तयार करते.

(५)

येथे समासाची मर्यादाही स्पष्ट होते. मृत्युभय दोन प्रकारचे : स्वतःच्या मरणाचे आणि आपल्या माणसाच्या मरणाचे. ‘मृत्युनिरूपण’ पहिल्या भयाशी बोलते. मृत्यूला कसलीच हत्या वर्ज्य नाही हे सांगताना स्त्री-बालकांचा उल्लेख येतो. परंतु मागे राहिलेला, रडणारा माणूस ह्या समासात नाही. तो ह्याच दशकाच्या आरंभीच्या समासांत, संसारी माणसाच्या कथेत आहे, आणि तेथे त्याचा आकांत वैराग्याचे कारण म्हणून योजलेला आहे. ज्याचे मूल गेले त्याला हा समास वाचून दाखवणे म्हणजे त्याच्या प्रश्नाऐवजी दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर देणे होईल.

त्या दुःखाशी बोलणारी रचना पाहिजे असेल तर नामदेवांच्या नावावरील समाधीच्या अभंगांकडे जावे लागते. शके १२१८ मध्ये ज्ञानेश्वरांनी आळंदीस समाधी घेतली. तो प्रसंग सांगताना ह्या अभंगांत तत्त्वज्ञान मागे राहते आणि भावंडे, संत, प्रत्यक्ष देव शोक करतात. ज्याला स्वरूपज्ञान झाले आहे असे सारे मानतात, त्याच्यासाठीही रडणे येथे अनुचित ठरत नाही. शोकाला परवानगी देणे हेही सांत्वनच आहे. तुकोबांचा मार्ग तिसरा : आपलेच मरण आपण पाहिले आणि तो सोहळा झाला, असे ते सांगतात. तेथे प्रथमपुरुष एकवचन आहे. समर्थांच्या समासात हा ‘मी’ नाही, आणि समाचारास आलेल्या शेजाऱ्याचा ‘आपण’ही नाही, आहे तो ‘हा’. म्हणून समास न्यायनिष्ठुर वाटतो, आणि तो निष्ठुर वाटतो म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. खोटी आशा त्यात कोठेही नाही.

आमचा निष्कर्ष असा. ‘मृत्युनिरूपणा’त दिलासा दोन ठिकाणी आहे. एक अखेरच्या ओवीत सिद्धान्तरूपाने. तो आत्मज्ञानी होणाऱ्यासाठी आहे, म्हणजे फार थोड्यांसाठी. दुसरा यादीच्या घडणीत. तो कोणतीही पात्रता विचारीत नाही. नाम सुटले तरी वाट एकट्याची नाही, एवढेच तो सांगतो, आणि ऐकणाऱ्या बहुसंख्यांना समासाने प्रत्यक्षात दिले ते हेच असावे. मनाच्या श्लोकांतील कीर्तिरूपाने उरण्याचा आदर्शही कर्तबगारांपुरताच राहतो; ही वाट मात्र सर्वांची आहे. दासबोधाच्या अभ्यासकांनी सिद्धान्ताइतकाच ह्या घडणीचा विचार करावा, आणि गावोगावच्या समाचाराच्या बोलण्याचा पद्धतशीर संग्रह व्हावा, अशी अपेक्षा आहे. जाफराबादसारख्या बहुभाषी गावातून त्याचा आरंभ करता येईल. ते शब्द बोलणारी पिढी अद्याप आपल्यात आहे, तोवर हे काम झाले पाहिजे.