डीएनए-दुरुस्ती करणारी विकरे आणि डायनोकॉकस : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ऑक्सिजन हा जीवनाधार असला, तरी त्यापासून पेशीत निर्माण होणारे क्रियाशील रेणू डीएनएला घातक ठरतात. ग्वानीनचे ऑक्सिडीकरण होऊन ८-ऑक्सोग्वानीन तयार होते. ते सायटोसीनऐवजी ॲडेनीनशी जोडी जमवते आणि उत्परिवर्तन घडते. ई. कोलाय जिवाणूत ही हानी तीन विकरे रोखतात. म्यूट-टी दूषित घटक डीएनएत शिरण्यापूर्वीच निकामी करते, म्यूट-एम डीएनएतील ८-ऑक्सोग्वानीन काढून टाकते, तर म्यूट-वाय चुकीने जोडलेले ॲडेनीन वेगळे करते. मात्र जिवाणूचा तगाव केवळ विकरांवरून स्पष्ट होतो काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन :
१९५६ साली अमेरिकेत गॅमा किरणांचा मारा करूनही खराब झालेल्या डबाबंद मांसात डायनोकॉकस रेडिओड्यूरन्स सापडला. सुमारे ५,००० ग्रे मात्रेतही तो तगतो. माणसाला ५ ग्रे मात्राही प्राणघातक ठरू शकते. साहजिकच त्याची विकरे असामान्य असावीत, असे वाटणे स्वाभाविक होते. तथापि १९९९ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा ती बहुतांशी इतर जिवाणूंसारखीच आढळली. मायकेल डेली यांनी २००४ व २००७ मध्ये मँगनीजमुळे होणाऱ्या प्रथिनांच्या संरक्षणावर भर दिला. प्रथिने शाबूत, म्हणून विकरे कार्यक्षम, असा हा युक्तिवाद मोलाचा आहे. परंतु पुरेसा नाही. रेक-ए हे दुरुस्ती-प्रथिन गमावलेला डायनोकॉकस किरणोत्सर्गाला सहज बळी पडतो.

या संदर्भात ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील हरी मिश्रा व सहकाऱ्यांचे संशोधन लक्षणीय ठरते. २००४ मध्ये त्यांनी पीक्यूक्यू हा रेणू क्रियाशील ऑक्सिजनला निष्प्रभ करतो, असे दाखवले. अर्थात तो ढाल ठरला. २००८ मध्ये मात्र हाच रेणू किनेज विकराला चेतवतो आणि तुटलेल्या डीएनएच्या जोडणीतही सहभागी असतो, असे त्यांनी मांडले. स्वतःच्याच आधीच्या स्पष्टीकरणावर न थांबण्याची ही वृत्ती या संशोधनाचे खरे बलस्थान होय.

निष्कर्ष :
संरक्षण आणि दुरुस्ती हे परस्परविरोधी पर्याय नसून एकाच व्यवस्थेची दोन अंगे आहेत. पुण्यातील महाविद्यालयीन अध्यापनात हा विषय विकरांच्या यादीपुरता न ठेवता ट्रॉम्बेच्या उदाहरणासह मांडल्यास, सिद्धान्त कसा तपासला जातो आणि कसा बदलतो, हेही विद्यार्थ्यांना उमगेल.