परीक्षणात भिंती कुठे असतात?

मध्यंतरी एका नाट्यगृहात ख्याल ऐकत असताना वीज गेली. माईक बंद पडला, पण गायिका थांबली नाही. मी हॉलच्या अगदी मध्यभागी बसलो होतो. शब्द कळत होते, सूर कळत होते, तरी सगळं दूरचं वाटत होतं, सपाट. चाचपडत कडेच्या भिंतीजवळच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो आणि तोच आवाज भरून आला. महागडी जागा सोडून मी चांगल्या जागी आलो होतो.

यात जादू नाही, भूमिती आहे. आपले कान डोक्याच्या दोन बाजूंना. समोरून येणारा आवाज दोन्ही कानांवर सारखाच पडतो. बाजूच्या भिंतीवरून परतलेला प्रत्येक कानाला किंचित वेगळा लागतो. तो लगेच परतला, तर आपण सुरांच्या आत बसलोय असं वाटतं. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधला १८७० सालचा मोठा हॉल बुटाच्या खोक्यासारखा आहे: सुमारे ४९ मीटर लांब, फक्त १९ मीटर रुंद. भिंती जवळ, म्हणून सूरही जवळ. याउलट पंख्यासारखा पसरत जाणारा हॉल जास्त लोकांना रंगमंचाजवळ आणतो. पण त्याच्या तिरक्या भिंती आवाज मागे ढकलतात आणि मधल्यांना कमी मिळतं.

मग सगळे हॉल खोक्यासारखेच बांधायचे? मला नाही पटत. व्हिएन्नात आवाजाची गुंज विरायला साधारण २ सेकंद लागतात. ब्राम्सच्या सिम्फनीला ते मानवतं. द्रुत तानेचा आणि तबल्याच्या बोलांचा मात्र तिथे काला होईल.

वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस या जोडीचं काम बघा. १९७६ मध्ये त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा बदनाम हॉल आतून पाडून खोक्यासारखा केला. चारच वर्षांनी, १९८० मध्ये, मुंबईच्या एनसीपीएत त्यांचंच टाटा थिएटर उभं राहिलं: हजारभर खुर्च्या आणि आकार पंख्याचा. इथे मैफल माईकशिवाय ऐकता यावी, श्रोता कलाकाराजवळ असावा, हा हेतू होता. माणसं तीच, संगीत वेगळं, म्हणून आकार वेगळा. ‘जगातला सर्वोत्तम हॉल’ छापाच्या याद्यांना याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आपली मैफलींची परीक्षणं मात्र हॉलबद्दल बोलतच नाहीत. ‘आवाज आज लागला नाही’ असं लिहून आपण गायिकेला दोष देतो. तो आवाज आपल्यापर्यंत पोचला की नाही, हे विचारत नाही. हे मीही केलंय. आणि हॉल वाईट असेल तर आपण माईक वाढवतो. पण मोठा आवाज म्हणजे जवळचा आवाज नव्हे.

पुढच्या मैफलीत मध्यंतरानंतर जागा बदलून बघा. मगच ठरवा, कोण बेसूर होतं.