‘कट्’ : एका इंग्रजी क्रियापदाचे सोयरे आणि शेजारी

इंग्रजी ‘कट्’ आणि हिंदी ‘काटना’, मराठी ‘कातरणे’ यांचे ध्वनिसाम्य पाहून हे शब्द एकाच मुळातून निघाले असावेत, असा तर्क अभ्यासकाच्या मनात सहज उद्भवतो. तर्क मोहक आहे. परंतु तो टिकत नाही. त्यामागे पद्धतीचीच चूक असल्यामुळे त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे.

‘काटना’, ‘कात्री’, ‘कातरणे’ ही सर्व संस्कृत ‘कृत्’ धातूची संतती होय. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार मूळ भाषेतील आद्य ‘क’ जर्मानिक शाखेत ‘ह’ होतो. संस्कृत ‘कः’ आणि इंग्रजी ‘हू’ हे त्याचे परिचित उदाहरण. म्हणजे ज्या ‘क’काराच्या साम्यावर हा तर्क उभा आहे, तेच साम्य त्याच्याविरुद्ध साक्ष देते. मात्र ‘क’पूर्वी ‘स्’ असल्यास हा बदल होत नाही, आणि असा ‘स्क’ पुढे इंग्रजीत ‘श’ होतो. लोकर कातरणे या अर्थाचा ‘शिअर’ आणि आखूड या अर्थाचा ‘शॉर्ट’ हे अशा ‘स्’युक्त रूपातून आले असून ‘कृत्’चे खरे आप्त तेच. तेव्हा ‘शॉर्टकट’ या शब्दात आपला सोयरा पूर्वपद आहे, उत्तरपद नव्हे!

मग ‘कट्’ कोठला? प्राचीन इंग्रजीत तो आढळत नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो दिसू लागतो. त्याचा उगम अनिश्चित असून तो स्कँडिनेव्हियन असावा, असा संभव मानला जातो. तत्पूर्वी कापण्याचे सर्वसामान्य क्रियापद ‘चेओर्फन’ हे होते. नवागताने त्याचे क्षेत्र व्यापले, आणि त्याचा वंशज ‘कार्व्ह’ मुख्यतः दगड-लाकडावरील कोरीव काम व ताटातील मांस यांपुरता उरला.

मराठीत ‘कापणे’ या शब्दाने शेजाऱ्यांना असे हुसकावले नाही. आपण भाजी चिरतो, सुपारी कातरतो, ऊस तोडतो, फांद्या छाटतो, लेणी कोरतो, हिऱ्याला पैलू पाडतो. इंग्रजी या सर्व ठिकाणी ‘कट्’ने काम भागवू शकते. ओळखीच्या माणसाला पाहून न पाहिल्यासारखे करणे, हेही त्याच शब्दात मावते. म्हणून ‘कट् म्हणजे कापणे’ एवढेच समीकरण देणारा कोश अनुवादकाची दिशाभूल करतो. त्याच्या आधारे हिरा ‘कापला’ असे लिहिणारा अनुवादक हिऱ्याचे दोन तुकडे करून ठेवतो.

ध्वनिसाम्य आणि एकपदी प्रतिशब्द ही दोन्ही शब्दाला एकाकी पाहण्याची फळे आहेत. शब्दाचे कुळ ध्वनिनियमांनी ठरवावे, आणि त्याचा अर्थ शेजारच्या शब्दांच्या सीमांवरून. यांपैकी एकही पायरी गाळणे, हा विद्याभ्यासातील ‘शॉर्टकट’ होय. आणि तो सहसा भलत्याच गावी नेऊन सोडतो.