एकशे एकोणतिसावा

विंबल्डनच्या पुरुष एकेरीच्या तक्त्यात १२८ नावे असतात. आणि कॉनर नायलंड ह्या आयरिश टेनिसपटूने आपल्या साऱ्या उमेदीत जागतिक क्रमवारीची जी सर्वांत वरची पायरी गाठली, ती १२९ वी. एखाद्या कादंबरीकाराने हा आकडा योजला असता तर आम्ही टीकाकारांनी त्याच्यावर कृत्रिमतेचा ठपका ठेवला असता. परंतु येथे आकडा योजणारा कादंबरीकार नसून संगणक आहे. वस्तुतः क्रमवारीच्या बळावर तक्त्यात थेट जाता येते ते पहिल्या १०४ जणांसच. आठ जागा संयोजकांच्या पसंतीच्या, आणि सोळा पात्रता-फेऱ्या जिंकून येणाऱ्यांच्या. म्हणजे एकशे एकोणतिसावा मनुष्य दाराबाहेर राहतो तो एका नावाने नव्हे, चांगला पंचवीस नावांनी. तरीसुद्धा पृथ्वीच्या पाठीवर जे असंख्य लोक टेनिस खेळतात त्यांत ज्याच्याहून सरस असे अवघे १२८ जण आहेत, त्या मनुष्यास आपण काय म्हणावे? यशस्वी म्हणावे की अयशस्वी? नायलंड ह्यांच्या ‘द रॅकेट’ ह्या आत्मवृत्ताचा खरा विषय हा प्रश्न आहे.

हे पुस्तक २०२४ साली प्रसिद्ध झाले आणि क्रीडाविषयक ग्रंथांसाठी इंग्लंडात दिले जाणारे विल्यम हिल पारितोषिक त्यास त्याच वर्षी मिळाले. शीर्षकातील श्लेष मराठी वाचकास उलगडून सांगण्याचे कारण नाही. अमुक शहरी पेपरफुटीचे रॅकेट उघडकीस आले, तमुक ठिकाणी बनावट नोटांचे, अशा बातम्या आपण चहाबरोबर वाचत असतो. हातातील टेनिसची बॅट आणि संगनमताने चालणारा लुबाडणुकीचा धंदा, हे दोन्ही अर्थ लेखकाने एकाच शब्दात बांधले आहेत. उपशीर्षकात तो सुवर्णपिढीचा उल्लेख करतो आणि लगेच उरलेल्या नव्याण्णव टक्क्यांचा. फेडरर, नदाल, जोकोविच ह्यांच्या काळात जे खेळले आणि ज्यांची नावे आपण कधी ऐकली नाहीत, त्यांच्यापैकी एकाची ही जबानी आहे.

नायलंड ह्यांचा जन्म १९८१ चा, बर्मिंगहॅमचा. बालपण आयर्लंडात लिमरिक येथे गेले. फ्लॉरिडातील निक बोलेटिएरी ह्यांच्या प्रसिद्ध प्रबोधिनीत पोरवयात सेरेना विल्यम्सशी चेंडू टोलवण्याचा योग त्यांस आला होता. पुढे कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कले येथे शिक्षण, आणि त्यानंतर सुमारे सात वर्षे व्यावसायिक खेळाडू म्हणून भ्रमंती. ह्या भ्रमंतीची वर्णने पुस्तकात सर्वांत सरस उतरली आहेत. टेनिसचे जग तीन मजली आहे. वरच्या मजल्यावरील दिवे आपल्याला दूरचित्रवाणीवर दिसतात. मधला मजला ‘चॅलेंजर’ स्पर्धांचा. आणि तळघर त्या काळी ‘फ्यूचर्स’ म्हटल्या जाणाऱ्या स्पर्धांचे. नायलंड ह्यांच्या काळी तळघरातील सर्वांत लहान स्पर्धेची एकंदर बक्षिसाची रक्कम दहा हजार डॉलर असे. ती बत्तीस जणांत विभागली जाई. विमानाचे भाडे, खानावळ, निवास, बॅटीच्या तारा, हे सर्व ज्याचे त्याने पाहावयाचे.

शिवाय ह्या धंद्यात मिळकत साठत नाही. १९७३ साली संगणकावर मांडली जाणारी क्रमवारी सुरू झाली, आणि आज जी पद्धत रूढ आहे तीनुसार मिळवलेले गुण बावन्न आठवड्यांनी खात्यातून निघून जातात. गेल्या वर्षी ह्या आठवड्यात जो जिंकला, तो यंदा त्याच आठवड्यात पुन्हा जिंकला तर होता तेथेच राहतो. हरला तर घसरतो. कारकुनाची नोकरीची वर्षे निदान निवृत्तिवेतनात तरी धरली जातात. येथे प्रत्येक सोमवारी मनुष्याची किंमत नव्याने छापली जाते, आणि ती त्याच्या आईवडिलांपासून प्रतिस्पर्ध्यापर्यंत कोणासही वाचता येते. दोन खेळाडू प्रथमच भेटले तर त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकमेकांच्या क्रमांकाचा, हे लेखकाचे निरीक्षण वाचून हसू येते आणि ते लगेच विरते.

ह्याहून अधिक बोचते ते एकाकीपण. आपल्याकडील जुन्या नाटकमंडळ्यांचे फिरते जीवन हालाखीचे होते खरे. पण बिऱ्हाड एक होते, पंगत एक होती, आणि रात्रीचा प्रयोग पडला तर तो सर्वांचा मिळून पडे. टेनिसपटू ज्यांच्या सोबत प्रवास करतो, ज्यांच्याबरोबर सराव करतो, ज्यांच्या शेजारी जेवतो, तेच उद्या त्याच्या पोटावर पाय देणारे असतात. इतकी वर्षे त्याच त्याच माणसांत राहूनही टिकाऊ मैत्री जडली नाही, असे नायलंड लिहितात. त्यांत तक्रारीचा सूर नाही. दुकानदाराने वहीतील बुडीत बाकी वाचून दाखवावी तसे ते सांगतात.

येथे एका जुन्या निबंधाची आठवण अपरिहार्य आहे. अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस ह्यांनी १९९५ साली माँट्रियल येथील कॅनेडियन स्पर्धेच्या पात्रता-फेऱ्या पाहिल्या, आणि तेव्हा क्रमवारीत ७९ वा असलेल्या मायकेल जॉइस ह्या तरुणावर दीर्घ निबंध लिहिला. तो १९९६ साली ‘एस्क्वायर’ मासिकात आला. वॉलेस स्वतः कुमारवयात बऱ्यापैकी खेळलेले. आपण ह्या मंडळींच्या आसपास तरी पोहोचू, अशा समजुतीने ते गेले आणि पुरते वरमले. त्या निबंधाची भव्यता वादातीत आहे. परंतु वॉलेस ह्यांनी जॉइसमध्ये जे पाहिले त्यास आपल्या भाषेत तपश्चर्या हा शब्द आहे: एका कलेसाठी आयुष्याची सर्व दालने बंद करून घेणारा, त्यामुळे थोडासा विरूप आणि म्हणूनच वंदनीय झालेला साधक. हे दृश्य खोटे नाही. ते प्रेक्षकाच्या खुर्चीतून दिसणारे आहे, इतकेच. नायलंड ह्यांचे पुस्तक त्याच दृश्याची दुसरी बाजू दाखवते, आणि तेथे तप फारसे नाही. तेथे हिशेब आहे, वाट पाहणे आहे, परगावच्या खोलीत कपडे वाळत घालणे आहे, पुढल्या आठवड्यात कोणत्या देशातील स्पर्धेत नाव लागेल ह्याचा अंदाज बांधणे आहे. तपस्व्यास निदान देव प्रसन्न होण्याची मुदत ठाऊक नसते. ह्यांस दर सोमवारी कळते की तो अद्याप झालेला नाही. वॉलेस हे मोठे लेखक आणि नायलंड साधे निवेदक, ह्यात शंका नाही. तरी ह्या एका बाबतीत साध्या निवेदकाचा शब्द आम्हांस अधिक विश्वसनीय वाटतो.

नायलंड ह्यांच्या आयुष्यात दार दोनदा किलकिले झाले, दोन्ही वेळा २०११ साली. पात्रता-फेऱ्या जिंकून ते विंबल्डनच्या मुख्य तक्त्यात आले. पहिल्या फेरीत गाठ फ्रान्सच्या आद्रियाँ मानारिनोशी. सामना पाचव्या सेटपर्यंत गेला आणि त्या सेटमध्ये नायलंड ४-१ असे पुढे होते. जिंकणाऱ्यास पुढल्या फेरीत रॉजर फेडररशी खेळावयाचे होते. ते हरले. त्याच वर्षी अमेरिकन स्पर्धेतही त्यांनी पात्रता मिळवली, आणि चिठ्ठीत नाव निघाले जोकोविचचे, न्यूयॉर्कच्या सर्वांत मोठ्या कोर्टावर. आयुष्यभर ज्या कोर्टाची वाट पाहिली तेथे ते अन्नबाधेने बेजार होऊन उतरले आणि ६-०, ५-१ अशी स्थिती असता सामना सोडून बाहेर आले. पुढील वर्षी कमरेच्या दुखण्याने त्यांनी खेळास रामराम ठोकला.

दुसरा प्रसंग दुर्दैवाचा आहे. वाचक हळहळतो व पुढे जातो. पहिला तसा नाही. तेथे अन्नही बाधले नव्हते आणि समोर जोकोविचही नव्हता. होता तो आपल्याच तोलाचा मनुष्य, आणि हातात आलेली आघाडी. ह्या पराभवास कारण शोधण्याचा मोह लेखकाने आवरला आहे. एखादा हलका लेखक येथे नशिबास, पंचास वा बालपणास पुढे करता.

तथापि पुस्तकास दोष नाहीत असे नव्हे. शीर्षकाने जो आरोप केला आहे तो सिद्ध करण्याची जबाबदारी लेखकाने पुरती घेतलेली नाही. हा धंदा जर संगनमताचा आहे तर संगनमत कोणाचे? सामग्री तर उघड्यावर पडली आहे. टेनिसमधील सचोटीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ साली सांगितले की प्रशिक्षकाचा खर्च न धरताही तोंडमिळवणी होते ती पहिल्या अडीचशे ते साडेतीनशे जणांचीच, आणि खालच्या मजल्यावर सट्टेबाजांचा शिरकाव झाला आहे तो ह्याच भेगेतून. विंबल्डनच्या पहिल्या फेरीत हरणाऱ्यास २०११ साली साडेअकरा हजार पौंड मिळत. २०२४ साली साठ हजार मिळाले. वरच्या मजल्यावरील धन वाढत गेले आणि तळघराची ओल तशीच राहिली. २०२४ च्या हंगामापासून पुरुषांच्या संघटनेने पहिल्या अडीचशे जणांस किमान उत्पन्नाची हमी देण्याची योजना सुरू केली, म्हणजे दुखणे तिनेही मान्य केले. लेखकाचा विनोद ह्या प्रश्नांच्या काठाने फिरतो, आत उतरत नाही. स्वभावतः ते सभ्य गृहस्थ आहेत. फिर्याद करणे त्यांस जमत नाही. आणखी एक उणीव आम्हांस जाणवली. विंबल्डनच्या पात्रता-फेऱ्यांत त्यांनी ज्या तिघांना हरवले, तेही त्या दिवशी असेच कोणत्या तरी खोलीवर परतले असतील. बत्तीस जणांच्या स्पर्धेत दर आठवड्यास एकतीस जण हरूनच परततात. त्यांच्याकडे नायलंड ह्यांनी अधिक वेळ पाहावयास हवे होते.

भारतीय वाचकास हे सर्व परके वाटण्याचे कारण नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सुमित नागल ह्या आपल्या एकेरीच्या अग्रगण्य खेळाडूने सांगितले की बँकेत आपले नऊशे युरो, म्हणजे सुमारे ऐंशी हजार रुपये, शिल्लक आहेत. चार महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियन स्पर्धेत मानांकित बुब्लिकला हरवले. १९८९ साली रमेश कृष्णन ह्यांनी विलांडरला नमवल्यानंतर असा विजय भारतीय पुरुषाच्या वाट्यास आला नव्हता. त्या एका सामन्यानंतर त्याची प्राप्ती १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली, आणि जुलैत तो क्रमवारीत ६८ वा झाला. दोन्ही वेळा मनुष्य तोच होता. आपल्या घरातले मूल पहाटे उठून कोर्टावर जाते तेव्हा आपण त्यास नागलचा जानेवारी दाखवतो; सप्टेंबर दाखवण्याचे धैर्य आम्हांसही झाले नाही, हे कबूल करतो.

परंतु प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, आणि ती नायलंड ह्यांच्या पुस्तकानंतर घडली. ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघाय येथील मोठ्या स्पर्धेत मोनॅकोचा वालेंतँ वाशेरो पात्रता-फेऱ्यांतून आला. क्रमांक २०४. उपांत्य सामन्यात त्याने जोकोविचला हरवले, अंतिम सामन्यात नात्यातल्या भावाला, आणि तो विजेता झाला. पुढल्या सोमवारी तो चाळिसावा होता. ही बातमी त्या रात्री किती परगावच्या खोल्यांत वाचली गेली असेल आणि किती जणांनी ती वाचून पुढल्या स्पर्धेचे तिकीट काढले असेल! आशेचा हा व्यवहारच बहुधा ते संगनमत असावे, ज्याचा पत्ता लेखकाने दिला नाही. त्यात फसवला जाणारा आणि फसवणारा पुष्कळदा एकच असतो. ह्याच वाशेरोने फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यास बालेवाडीची चॅलेंजर स्पर्धा जिंकली होती. आम्ही त्या आठवड्यात पुण्यातच होतो. सामने पाहावयास गेलो नाही; कोणी नावाजलेला खेळाडू येणार नाही, असे ऐकले होते.