कैलासाच्या तीन कथा

दिवाळीच्या सुटीत छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला गेलेल्या मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. सोळाव्या लेण्यातले ते कैलास मंदिर माणसांनी कोरले तरी कसे? या प्रश्नाच्या उत्तरादाखल आजवर तीन कथा सांगितल्या गेल्या आहेत. कथा म्हणूनच त्यांची पारख करून पाहू.

पहिली कथा ताम्रपटातली. मंदिर उभारले ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याने, आठव्या शतकात. त्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांनी, इ. स. ८१२-१३ मध्ये, कर्कराजाने दिलेला ताम्रपट बडोद्यास सापडला. त्यातला कवी सांगतो की, विमानांतून जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क झाले आणि हे स्वयंभूच असले पाहिजे असे त्यांना वाटले. ते घडविणारा शिल्पीही चकित झाला. हे आपल्या हातून झाले कसे, हे त्याचे त्यालाच उमजेना. अतिशयोक्ती खरीच, परंतु कवीने देवांकडे केवळ आश्चर्य सोपविले, काम माणसाकडेच ठेवले. राजस्तुती करावयास बसलेल्या कवीलाही शिल्पी विसरता आला नाही, हे त्याचे मोठेपण.

दुसरी कथा आपल्या मराठीतली, कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’तली. राजा आजारी पडतो. राणी माणकावती देवाला नवस बोलते आणि मंदिराचे शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही असा पण करते. इतर कारागीर महिनोन्‌महिने मागतात. पैठणचा कोकस मात्र आठवड्यात शिखर दाखवितो, कारण तो डोंगराच्या माथ्यापासून कोरू लागतो! ग्रंथ मंदिरानंतर सुमारे सातशे वर्षांनी झाला, तेव्हा इतिहास म्हणून कथा टिकत नाही. पण वरून खाली कोरण्याची युक्ती, जिच्यामुळे उंच परांच्या बांधाव्या लागत नाहीत, ती राणीच्या उपासात किती सहज गुंफली आहे!

तिसरी कथा अलीकडची. हे काम परग्रहावरच्या लोकांचे, नाहीतर कुठल्याशा हरवलेल्या यंत्राचे! एवढा लाखो टन दगड माणूस हलविणार कसा, असे ती विचारते. उत्तर साध्या गणितात आहे. एका माणसाने दिवसाला चार घनफूट खडक फोडला असे धरले, तर अडीचशे माणसांना हा चौक मोकळा करावयास साडेपाच वर्षे पुरतात, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. कोरीवकामाचा काळ अर्थातच निराळा. छिन्नीच्या खुणा भिंतींवर आहेत. अजिंठ्याची अपुरी लेणी कामाची रीत उघड करून दाखवितात. मंदिराचा घाटही आकाशातून पडलेला नाही; पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी त्याचे नाते स्पष्ट दिसते.

कथा म्हणूनही ही तिसरी अगदी दुबळी. तिच्यात ना नवस, ना भूक, ना कारागिराची हुशारी. शिवाय ती निरुपद्रवी नाही. आपल्या मातीतल्या पाथरवटाला एवढे मोठे काम जमणारच नाही, असे ती आपल्या मुलांना गुपचूप शिकविते. ताम्रपटाने शिल्प्याचे नाव सांगितले नाही. ही कथा त्याचे हातही काढून घेते.

आश्चर्य वाटणे वाईट नव्हे. पण मुले वेरूळी ‘कसे?’ असे विचारतील, तेव्हा त्यांना शिखरापाशी न्यावे, छिन्नीची खूण दाखवावी आणि कोकसाची गोष्ट सांगावी. पुढचे प्रश्न ती आपोआप विचारतील: इतक्या माणसांनी एकच आराखडा डोक्यात धरला कसा? चुकलेला घाव सावरला कसा? खरे कोडे तिथूनच सुरू होते.